जुन्या ब्रिटिश टीव्हीवरचं ‘लाइव्ह’ गाणं: त्यात नेमकं काय जिवंत होतं?

अमेरिकन गायिका आणि गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरते तेव्हा इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये पाऊस पडत असतो. जागा आहे विल्ब्राहम रोडचं रेल्वे स्टेशन, प्रवाशांसाठी केव्हाच बंद झालेलं. तारीख 7 मे 1964. ग्रॅनडा टेलिव्हिजन या तिथल्या टीव्ही कंपनीच्या माणसांनी एका प्लॅटफॉर्मचं रूप पालटून तिथे अमेरिकेच्या दक्षिणेतलं खेड्यातलं स्टेशन उभं केलंय. खोकी, झुलती खुर्ची, कोंबड्या, शेळ्यासुद्धा आहेत. समोरच्या प्लॅटफॉर्मवर तरुण मुलंमुली दाटीवाटीने बसली आहेत आणि मधे रुळांची दरी. थार्प तेव्हा 49 वर्षांची. अंगात जाडजूड कोट, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार. ठरलेलं पहिलं गाणं ती ऐन वेळी बाजूला ठेवते आणि बायबलमधल्या नोहाच्या महापुरावरचं एक गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीत, सुरू करते, कारण वरून पाऊस कोसळतोय आणि त्या गाण्यात पाऊसच आहे.

मी हे चित्रण किती वेळा पाहिलंय याची मोजदाद नाही. दर वेळी हेडफोन लावतो. ओल्या प्लॅटफॉर्मवरून ती चालत येते, तारांवर पहिला आघात करते, आणि तो आवाज रुळांवरून पलीकडे जातो. तिकडून भिजलेली मुलं टाळ्यांचा ठेका धरतात. गिटारचा एकल तुकडा वाजवताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते पुन्हा पुन्हा पाहावं असं आहे. वर्णभेदाच्या अमेरिकेत चर्चमध्ये आणि नाइट क्लबांत आयुष्य घालवलेली ही बाई इंग्लंडच्या पावसात गातेय, आणि समोरची पोरं तिला डोळ्यांत साठवून घेतायत.

हा कार्यक्रम टीव्हीवर दिसला तो 19 ऑगस्टला, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाने. थेट प्रक्षेपण ते नव्हतंच. तरी त्याला ‘लाइव्ह’ म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. उलट त्याच वर्षांत असे कार्यक्रम होते, जे खरोखर त्याच मिनिटाला स्टुडिओतून घराघरात पोचत होते, आणि त्यात गायक मात्र वाजणाऱ्या तबकडीवर नुसते ओठ हलवत होता.

म्हणजे शब्द एकच आणि प्रश्न तीन. गळा खरा होता का? वाद्यं खरी वाजत होती का? आणि बघणाऱ्याच्या घरी ते त्याच क्षणी पोचत होतं का? जुन्या ब्रिटिश टीव्हीवरच्या गाजलेल्या गाण्यांपैकी कुठलंही घ्या, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येतात. थार्पचं उत्तर: हो, हो, नाही. पुढे इंग्लिश गायक डेव्हिड बोवी येईल, त्याचं उत्तर वेगळं. अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं आणखी वेगळं. हे एकदा ध्यानात आलं की त्या जुन्या फिती बघण्याची नजर बदलते. निदान माझी तरी बदलली.

ओठ हलवण्याची सोय का लागली

आपण पार्श्वगायनाच्या सवयीचे लोक, त्यामुळे ओठ हलवणं आपल्याला फार खटकत नाही. पण सिनेमातली नायिका ‘मी गायिका आहे’ असा दावा करत नसते. टीव्हीवर एखादा बँड आपल्याच नावाने, आपलीच वाद्यं गळ्यात घालून उभा राहतो आणि आवाज मात्र तबकडीतून येतो, तेव्हा गोष्ट निराळी होते. मग हा मार्ग का पत्करला जायचा?

पहिलं कारण ध्वनीचं. चार जणांच्या बँडचा आवाज नीट पकडायचा तर ड्रमला माइक हवेत, प्रत्येक अॅम्प्लिफायरसमोर माइक हवा, गायकाला हवा. हे सगळं एका खोलीत. ड्रमचा दणका गायकाच्या माइकात शिरतो, गिटारचा आवाज ड्रमच्या माइकात. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून जवळ स्पीकर ठेवला, तर स्पीकरचा आवाज माइकात, माइकातून पुन्हा स्पीकरात, असा फेरा सुरू होतो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. लग्नाच्या हॉलमध्ये ही शिट्टी प्रत्येकाने ऐकलीय. रेकॉर्डिंग स्टुडिओत हे सगळं सोडवायला दिवस मिळतात, जमलं नाही तर पुन्हा गाता येतं. टीव्हीच्या ध्वनितंत्रज्ञाला एखादी तालीम मिळायची आणि मग थेट परीक्षा.

दुसरं कारण वेळेचं. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात सहा-आठ कलाकार. प्रत्येकाची वाद्यं मांडा, जोडा, आवाज तपासा, उचला. तबकडी लावली की यातलं काहीच करावं लागत नाही. तिसरं कारण व्यापाराचं: कंपनीला तबकडी विकायची होती, तेव्हा लोकांनी ऐकावं ते तबकडीवरचंच. आणि घरच्या टीव्हीचा स्पीकर एकच, तोही छोटा. त्यातून काय बाहेर पडणार, याची फार फिकीर कुणी करत नव्हतं.

सुरुवात मात्र खऱ्या गाण्यानेच झाली होती. फेब्रुवारी 1957 पर्यंत ब्रिटनमध्ये संध्याकाळी 6 ते 7 टीव्ही चक्क बंद असायचा, लहान मुलांना झोपवता यावं म्हणून. ती बंदी उठली आणि मोकळ्या झालेल्या वेळेत शनिवारी बीबीसीने ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ सुरू केला. नाव वेळेवरूनच पडलं. त्याचा निर्माता जॅक गुड याने एक साधी पण मोठी गोष्ट केली: प्रेक्षकांना खुर्च्यांवर न बसवता कॅमेऱ्यासमोर, गायकाच्या आजूबाजूला नाचायला सोडलं. तोवर टीव्हीवर गाणं म्हणजे कोट घातलेला गायक आणि मागे वाद्यवृंद. आता घरी बसलेल्या पोराला पडद्यावर आपल्याच वयाची पोरं दिसू लागली.

शुक्रवारची संध्याकाळ

हे सूत्र पकडून आयटीव्ही या खासगी वाहिनीवर 9 ऑगस्ट 1963 ला ‘रेडी स्टेडी गो!’ आला. दर शुक्रवारी संध्याकाळी. आठवड्याची सुट्टी इथून सुरू होते, असं त्याचं घोषवाक्यच होतं. कॅथी मॅकगवन ही विशीतली मुलगी निवेदन करायची. बोलताना अडखळायची, आवडत्या गायकासमोर लाजायची, आणि म्हणूनच बघणाऱ्या मुलींना ती आपल्यातली वाटायची. तिच्या कपड्यांकडे आणि केसांकडे बघून देशभर फॅशन ठरत होती.

पहिली दीडेक वर्षं इथेही तबकडीवर ओठ हलत होते. कार्यक्रम लंडनच्या किंग्जवेवरच्या अपुऱ्या स्टुडिओत व्हायचा. एप्रिल 1965 मध्ये तो वेम्ब्लीच्या मोठ्या स्टुडिओत गेला आणि त्याच वेळी ओठ हलवणं बंद झालं. प्रत्येकाने प्रत्यक्ष गायचं, प्रत्यक्ष वाजवायचं. जागा वाढली म्हणून हे शक्य झालं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाद्यं आधीच मांडून ठेवायला कोपरे मिळाले, माइक एकमेकांपासून लांब ठेवता आले. कलेचे मोठमोठे निर्णय कधी कधी चौरस फुटांवर ठरतात.

अवजड कॅमेरे नाचणाऱ्या गर्दीतून ढकलत नेले जायचे. एका कॅमेऱ्याच्या चौकटीत दुसरा कॅमेरा दिसायचा आणि त्याची लपवाछपवी नसे. 16 सप्टेंबर 1966 चा अख्खा भाग ओटिस रेडिंगला दिला होता. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातून आलेला हा सोल गायक तेव्हा फक्त 25 वर्षांचा. ब्रास वाद्यांचा ताफा मागे वाजतोय, हा पाय आपटत, खांदे घुसळत गातोय आणि शेवटी पाहुणे गायक एरिक बर्डन आणि क्रिस फार्लो यांना सोबत घेऊन सगळा स्टुडिओ पेटवून देतो. कॅमेरा इतक्या जवळ जातो की कपाळावरचा घाम मोजता येईल. गाता गाता श्वास कुठे घेतला ते कळतं. तबकडीवरच्या गाण्यात नेमका हाच श्वास साफ करून टाकलेला असतो. पुढच्या वर्षी, 10 डिसेंबर 1967 ला, विमान अपघातात तो गेला. म्हणून तो भाग बघताना आनंद आणि हळहळ एकदमच दाटून येते.

‘रेडी स्टेडी गो!’ डिसेंबर 1966 मध्ये बंद पडला. साडेतीन वर्षं फक्त.

संघटनेचा नियम आणि त्यातली फट

दुसरीकडे बीबीसीने 1 जानेवारी 1964 पासून ‘टॉप ऑफ द पॉप्स’ सुरू केला होता. मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत स्टुडिओ केला होता, तिथून. हा कार्यक्रम मात्र दीर्घायुषी ठरला, 2006 पर्यंत दर आठवड्याला चालला. रचना सोपी: त्या आठवड्याच्या विक्रीच्या यादीत जी गाणी वर चढतायत, त्यांना बोलवायचं. गाणं घसरलं की बोलावणं नाही. आणि गायचं ते तबकडीवर ओठ हलवून.

याला हरकत घेतली वादकांच्या संघटनेने. म्युझिशियन्स युनियन ही 1893 पासूनची जुनी कामगार संघटना. तिचं म्हणणं असं, की तबकडी वाजवून काम भागायला लागलं की प्रत्यक्ष वाजवणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. आधी सिनेमागृहांत हे घडलंच होतं. मूकपट गेले, बोलपट आले आणि पडद्याखाली बसून वाजवणारे हजारो वादक घरी बसले. ती जखम संघटना विसरली नव्हती. 1966 मध्ये तिच्या दबावामुळे टीव्हीवर ओठ हलवण्यावर बंदी आली.

मग वाट काढली गेली. एक तर बीबीसीच्या वाद्यवृंदासोबत प्रत्यक्ष गायचं, ज्यात विद्युत गिटारचं गाणं व्हायोलिन-ट्रम्पेटच्या अंगाने वाजायचं आणि अनेकदा ओळखू येईनासं व्हायचं. नाही तर कार्यक्रमाआधी, संघटनेच्या माणसासमक्ष, तीन तासांत साथीचं नवं मुद्रण करायचं आणि स्टुडिओत त्या ट्रॅकवर गायचं. ट्रॅकवर गाणं हा प्रकार आपल्याकडे आता गल्लोगल्ली माहीत आहे, त्यामुळे वेगळं समजवायला नको. पण ज्या गाण्यावर महिनाभर खपलो, ते तीन तासांत पुन्हा कसं उभं करायचं? मग बँड स्टुडिओत जायचे, वाजवल्यासारखं करायचे, आणि संघटनेचा माणूस जरा बाहेर गेला की मूळ मुद्रणाचीच टेप पुढे सरकवायचे. अनेक वादकांनी पुढे हे उघड सांगितलंय.

संघटनेचं चुकलं, असं मला वाटत नाही. वादकांची भीती खरी होती आणि त्यांच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला हवंच होतं. नियमाचा हेतू पुरता सफल झाला नाही हे खरं, पण त्या नियमामुळेच ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर गळा पुष्कळदा खरा राहिला. आणि कधी कधी खरा गळा पुरेसा असतो.

6 जुलै 1972, गुरुवार. डेव्हिड बोवी ‘स्टारमॅन’ गायला. चित्रण आदल्या दिवशी झालं होतं. साथ आधी मुद्रित केलेली, गायन स्टुडिओत प्रत्यक्ष. म्हणजे आपल्या तीन प्रश्नांना उत्तर: हो, नाही, नाही. कागदावर हे किती फिकं दिसतं! पण पडद्यावर काय दिसलं ते बघा. डाळिंबी-तांबडे उभे केस, चट्ट्यापट्ट्यांचा रंगीत चुस्त पोशाख, हातात निळी गिटार. गाण्यात ‘तुला’ असा शब्द येतो तिथे तो कॅमेऱ्याच्या भिंगात बघून बोट रोखतो आणि ते बोट हळूच गोल फिरवतो. समोर बसलेल्या प्रत्येक पोराला वाटतं, हे बोट माझ्याकडेच आहे. आणि ध्रुवपदाच्या वेळी तो गिटारवादक मिक रॉन्सनच्या खांद्यावर हात टाकून त्याला जवळ ओढतो, एकाच माइकात दोघं गातात.

नुसता खांद्यावर हात. पण इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून अंशतः बाहेर आले होते तेच 1967 मध्ये, अवघ्या पाच वर्षांपूर्वी. देशात तीनच वाहिन्या होत्या. हा कार्यक्रम जेवणाच्या टेबलावर आई-वडील आणि मुलं एकत्र बघायचे. वडिलांच्या कपाळावर आठी आणि मुलाच्या पोटात फुलपाखरं, अशी ती काही मिनिटं होती. ब्रिटनमधल्या पुढच्या पिढीतल्या कितीतरी संगीतकारांनी आपली सुरुवात त्या संध्याकाळपासून मोजली आहे. साथ टेपवरची असली म्हणून काय झालं? तो हात आणि ते बोट टेपवर नव्हतं.

घड्याळाविरुद्ध

तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर मिळालं की काय होतं, याचा नमुना म्हणजे 4 जानेवारी 1969 ची संध्याकाळ. बीबीसीवर लूलू या तरुण स्कॉटिश गायिकेचा ‘हॅपनिंग फॉर लूलू’ हा कार्यक्रम. शनिवारी संध्याकाळी, घरच्यांनी एकत्र बघायचा. पाहुणे जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्स: हेंड्रिक्स, बास गिटारवर नोएल रेडिंग, ड्रमवर मिच मिचेल. ठरलं होतं असं की एक गाणं झाल्यावर ते आपलं पहिलं गाजलेलं ‘हे जो’ वाजवतील आणि शेवटी लूलू त्यांच्यासोबत गाईल.

‘हे जो’ सुरू झालं. गिटार किंचाळली, शब्द मधेच निसटले, तो हसला, पुढे गेला. आणि मग भर गाण्यात हात थांबवून त्याने सांगून टाकलं, की हे आता आम्ही पुरे करतो आणि पुढचं गाणं ‘क्रीम’ला अर्पण करतो. एरिक क्लॅप्टनचा क्रीम हा बँड नुकताच, नोव्हेंबर 1968 मध्ये, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम करून विखुरला होता. हेंड्रिक्सने पुढचा शब्दही न बोलता त्यांचं ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ सुरू केलं. तालीम झालेली नव्हती. ठरलेलं नव्हतं. रेडिंग आणि मिचेल एका क्षणात त्याच्या मागे उभे राहिले.

थेट प्रक्षेपणात दिग्दर्शकाच्या हातात फार थोडं असतं. कॅमेरा बदलता येतो, आवाज कमी करता येतो, प्रक्षेपण तोडता येतं. पण सगळ्या देशासमोर मधेच तोडणं हीही नाचक्कीच. स्टॅन्ली डॉर्फमन हा निर्माता. वेळ संपत आली होती, लूलूचं गाणं राहिलं होतं, आणि हेंड्रिक्स वाजवतच होता. आपल्याला आता बंद करतायत, असंही तो वाजवता वाजवता माइकवर बोलून जातो. चित्रण काळं-पांढरं आहे, बीबीसीच्या त्या पहिल्या वाहिनीवर रंग यायला अजून दहा महिने होते. पण वाद्यावर मन येईल ते करणारा माणूस आणि त्याला आवर घालू न शकणारं घड्याळ, यांची ती झुंज मला आजही श्वास रोखून बघावी लागते. त्यात मित्रांच्या मोडलेल्या बँडसाठीचं दुःख आहे, हे विसरलं तर ती नुसती हुल्लड वाटेल. ती हुल्लड नव्हती.

दोन खोल्यांएवढा स्टुडिओ

नेमक्या उलट स्वभावाचा कार्यक्रम म्हणजे ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’. बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर सप्टेंबर 1971 पासून, रात्री उशिरा. याचा स्टुडिओ साधारण 32 फूट बाय 22 फूट. आपल्याकडच्या फ्लॅटचा हॉल आणि बेडरूम मधली भिंत पाडून एक केली तर होईल एवढा. मुळात तो गाण्यासाठी नव्हताच, दोन कार्यक्रमांमधल्या निवेदनासाठी होता. प्रेक्षक बसवायला जागा नाही, नेपथ्य नाही, भिंतीसुद्धा उघड्या. सुरुवातीला इथेही जागा आणि यंत्रसामग्री अपुरी म्हणून ट्रॅकवर गाणं चालायचं, पुढे ते मागे पडलं. बॉब हॅरिस हा निवेदक इतक्या हळू आवाजात बोलायचा की त्याचं नावच ‘कुजबुजणारा बॉब’ पडलं.

टाळ्या नाहीत, किंकाळ्या नाहीत. गाणं संपलं की शांतता. आणि त्या शांततेमुळे वाजवणाऱ्यांना एकमेकांशिवाय कुणाचा आधार नसायचा. 1973 मध्ये जमैकाहून आलेले बॉब मार्ली आणि वेलर्स इथे वाजले, ते मला या कार्यक्रमाचं सर्वोत्तम दान वाटतं. मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर तिघंही तेव्हा एकत्र होते. त्या वर्षानंतर ते फार काळ एकत्र राहिले नाहीत. बासवर ॲस्टन बॅरेट, ड्रमवर त्याचा भाऊ कार्लटन.

त्यांच्या रेगे या जमैकन संगीताची लय कानाला सवय नसेल तर उलटी वाटते. आपण जिथे सम धरून टाळी देऊ, तिथे गिटार गप्प असते आणि दोन टाळ्यांच्या मधल्या पोकळीत ‘चक्’ करून वाजते. बास मात्र खाली आपलं स्वतंत्र गाणं गात असतो. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून बास जवळजवळ ऐकूच येत नसणार. पण डोळ्यांना दिसत होतं: सगळ्यांचे खांदे एकाच वेळी हलतायत, कुणी कुणाकडे बघत नाही, तरी सगळे एकाच झोक्यावर. ब्रिटनमधल्या अनेक गोऱ्या मुलांनी रेगे पहिल्यांदा पाहिलं ते असं, रात्री, घरातले झोपल्यावर.

याच कार्यक्रमाने 24 डिसेंबर 1975 ला, नाताळच्या आदल्या रात्री, लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या नाट्यगृहातून क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा जलसा थेट दाखवला. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी हे आपल्याला थोडंसं घरचं नाव. झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा फारूख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात राहून शिकला आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर क्वीनला पहिली संधी मिळाली ती फेब्रुवारी 1974 मध्ये, बोवीच्या गाण्याची फिल्म वेळेवर मिळाली नाही म्हणून. दीड-पावणेदोन वर्षांत चित्र पालटलं होतं. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, आणि तिथे ते 9 आठवडे राहिलं.

आता अडचण बघा. त्या गाण्याच्या मधल्या भागात ऑपेरासारखा गायकांचा जो जथ्था ऐकू येतो, तो जथ्था नाहीच. तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन, थरावर थर चढवून तो तयार केलाय. रंगमंचावर तो गाता येणं अशक्य. टीव्हीवर त्याच्यावर ओठ हलवणंही विचित्र दिसलं असतं. म्हणून त्यांनी ‘टॉप ऑफ द पॉप्स’साठी एक चित्रफीत करून पाठवली. आणि ओडियनमध्ये? मधला भाग सरळ वगळला. सुरुवातीचं संथ गाणं गायलं, तिथून आपल्या दुसऱ्या गाण्यांत शिरले, आणि फिरून येऊन शेवटचा धडाडणारा भाग वाजवला. पुढच्या काळात ते ऑपेराचा भाग टेपवरून वाजवू लागले, पण त्या वेळी मंचावरून निघून जायचे. जे गात नाही ते गातोय असं दाखवायचं नाही. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे, त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

त्या रात्री बीबीसीने आणखी एक युक्ती केली: तोच जलसा त्याच वेळी रेडिओ 1 वरूनही दिला. टीव्हीचा आवाज एकाच स्पीकरचा, रेडिओवर मात्र स्टिरिओ. मग ज्यांच्याकडे चांगला रेडिओ होता त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, रेडिओ शेजारी ठेवला आणि चित्र एका पेटीतून, आवाज दुसरीतून असा कार्यक्रम पाहिला.

नंतरचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर 1978 मध्ये मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडने टीव्हीवर पहिलं पाऊल ठेवलं ते ग्रॅनडाच्या स्थानिक बातम्यांच्या कार्यक्रमात. नोव्हेंबर 1982 पासून चॅनेल 4 वर न्यूकॅसलहून ‘द ट्यूब’ आला, शुक्रवारी संध्याकाळी, पूर्ण थेट, पूर्ण प्रत्यक्ष. ‘रेडी स्टेडी गो!’चा वारसा त्याने चालवला असं म्हणता येईल.

पुसलेल्या टेपा

इतकं सगळं सांगितलं, पण यातलं बरंचसं आज बघताच येत नाही. त्या काळातली व्हिडिओ टेप 2 इंच रुंद, रीळ जडशीळ आणि किंमत जबर. एकदा कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसून त्यावर दुसरं काही घेता यायचं, आणि तेच केलं जायचं. पुन्हा दाखवायचं तर कलाकारांशी नव्याने करार आणि पैसे. घरी टेप विकत घेऊन बघण्याची सोय अजून आलेली नव्हती. 1969 ला बीबीसीच्या पहिल्या वाहिनीवरही रंग आले आणि काळं-पांढरं कुणालाच नकोसं झालं. मग कपाटात जागा कशाला अडवायची? बीबीसीने जपणुकीची शिस्त लावली ती 1978 च्या सुमाराला. तोवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे साठच्या दशकातले पूर्ण भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. काही कार्यक्रम वाचले ते पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून परदेशी पाठवण्यासाठी नक्कल काढली होती म्हणून. ‘रेडी स्टेडी गो!’चं जे उरलं, त्याचे हक्क डेव्ह क्लार्क या ड्रमवादकाने विकत घेतले. पुसणाऱ्यांनी वाईट हेतूने पुसलं नाही हे मला कळतं, तरी ती रिकामी जागा सलते.

एक टेप मात्र वाचली. 3 जानेवारी 1973 ला बोवी पुन्हा ‘टॉप ऑफ द पॉप्स’च्या स्टुडिओत आला, ‘द जीन जिनी’ घेऊन. या वेळी गळाही खरा आणि वाद्यंही खरी. दुसऱ्या दिवशी ते दाखवलं गेलं आणि पुढे केव्हातरी पुसलं गेलं. पण त्या दिवशी जॉन हेनशॉल नावाचा कॅमेरामन कामावर होता. त्याने कॅमेऱ्यासाठी माशाच्या डोळ्यासारखं, सगळं गोल वाकवून दाखवणारं भिंग तयार केलं होतं आणि ते या गाण्यात वापरलं होतं. आपलं काम दाखवायला हाताशी असावं म्हणून त्याने त्या गाण्याची एक प्रत 2 इंची टेपवर करून घेतली आणि घरी ठेवून दिली. जवळजवळ 39 वर्षं ती तिथेच होती. बीबीसीकडे तर असेलच, असं तो धरून चालला होता. आपल्याकडची प्रत एकमेव आहे हे कळलं तेव्हा डिसेंबर 2011 मध्ये त्याने ती बाहेर काढली, आणि त्या नाताळात ती पुन्हा टीव्हीवर दिसली.

मी ती पाहिली तेव्हा आधी ते भिंगच लक्षात आलं. दिवे वाकतात, स्टुडिओची जमीन बशीसारखी गोल होते. मग रॉन्सनची गिटार सुरू होते, तबकडीवर होती त्याहून मोकळी, लांबत जाणारी, आणि बोवी माउथ ऑर्गन ओठांना लावायच्या आधी एक श्वास घेतो.